सरांचे बेडूक आणि माझी वही

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, त्याची आधीच माफी मागते. चौथी पास झाले आणि शाळा सुटली. त्यानंतर लिहिण्याचा प्रसंग आला तो एकदाच, सरांकडे. हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाही, पण उद्या घरातल्या कुणाच्या हाती लागलंच तर चुका पोटात घालाव्यात. माफी मी वाचणाऱ्याची मागते आहे, सरांची नाही. त्यांनी माझ्या चुकांवर इतकी लाल शाई ओतली की आमचा हिशेब त्यातच मिटला.

सर जळगावच्या कॉलेजात प्राण्यांचा विषय शिकवायचे. पिंप्राळ्यात आमच्या घरामागे त्यांनी दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. पिंप्राळा तेव्हा गावच होतं, शहर अजून इथवर आलं नव्हतं. आमचे हे कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते आणि मी सरांकडे भांडी-फरशी करायचे. पहिल्या दिवशी सरांनी मला विचारलं, "किती शिकलीस?" मी म्हटलं, "चौथी." झालं, त्या दिवसापासून माझं नाव चौथी. "ए चौथी, पाणी बदललं का?" "चौथी, दूध उतू गेलं." माझं खरं नाव त्यांनी कधी विचारलं नाही आणि मीही कधी सांगितलं नाही. मला परक्या माणसासमोर बोलायची फार लाज वाटायची.

त्यांच्या दोन खोल्यांपैकी एक बेडकांची होती. भिंतीला लागून सिमेंटची बुटकी हौदी, तिच्यावर जाळी, शेजारी डालड्याच्या चार डब्यांत झुरळं पाळलेली. होय, पाळलेली, बेडकांना घालायला. त्यांना रोज गव्हाचा कोंडा आणि गाजराचा तुकडा मिळायचा. सरांच्या बायको धुळ्याला माहेरी राहायच्या. सर म्हणायचे, "तिला झुरळांची सवय झाली नाही," आणि हे असं म्हणायचे की दोष त्या बाईंचाच.

सरांना वेड होतं ते बेडकाच्या जिभेचं. आपली जीभ मागं घशाशी चिकटलेली असते, बेडकाची पुढं, खालच्या ओठाशी. शेंडा आत घशाकडे. किडा दिसला की तोंड उघडतं, जीभ उलटी पालटून बाहेर पडते, किडा चिकटतो आणि जीभ आत. डोळ्याची पापणी लवायच्या आत सगळं होतं. हे हलवणाऱ्या दोन नसा कवटीच्या मुळातून निघून घशाखालून जिभेत जातात, एक डावी, एक उजवी. कोणती नस काय करते ते सरांना शोधायचं होतं. हे मला त्यांनी शिकवलं नाही. ते आरशासमोर उभे राहून मोठ्यानं बोलायचे आणि मी फरशी पुसायचे.

आल्यागेल्याला ते जीभ बाहेर काढायला लावत. दूधवाल्याला, पोस्टमनला, घरमालकाला. चौकातले मारवाडी शेठ उधारीचं विचारायला आले तेव्हा सरांनी त्यांनाही सोडलं नाही. शेठनं बिचाऱ्यानं जीभ काढली. सर चष्मा वर करून म्हणाले, "शेठ, तुमची जीभ डावीकडे झुकते. डावी नस कमजोर आहे." शेठ उधारी विसरून गेले. तीन दिवस दुकानातल्या आरशात जीभ बघत बसले आणि शेवटी डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टरनं सांगितलं, जीभ सरळ आहे, तुमचा आरसा वाकडा टांगलाय. लोक यावर हसायचे. मीही हसले होते. पण मला आता त्यात हसू येत नाही. सर बघायचे एक क्षण, आणि सांगायचे असं की जणू वर्षभर बघितलंय.

"नस चुकत नाही, बघणारा चुकतो," हे त्यांचं वाक्य. दिवसातून दहादा. बघणारा म्हणजे दुसरा कुणीतरी, हे धरून चालायचं.

बेडूक पावसाळ्यात मेहरुणच्या तलावाकडून यायचे. सर सायकलच्या मागं ओलं पोतं बांधून आणायचे आणि बाजारातून पोतं ओरडत यायचं. आधी मोठे हिरवे बेडूक आणले, पण ते हौदीत काही खाईनात. मग खडबडीत पाठीचे, मातकट रंगाचे आणले. ते आठवड्यात माणसाळले. मला माणसाळले म्हणायचं. मी दुपारी बांधावरून नाकतोडे धरून आणायचे, दोऱ्याला बांधून त्यांच्यासमोर हलवायचे. न हलणारं ते खात नाहीत, मेलेला किडा नाकापुढं पडला तरी त्यांना दिसत नाही. मी हौदीजवळ मांडी घालून गुपचूप बसायचे आणि ते एकेक करून पुढं यायचे. सर आले की मात्र दाणदाण पावलं वाजवत, बॅटरीचा झोत टाकत, घड्याळ हातात घेऊन वाकायचे. बेडूक पोट जमिनीला लावून दगडासारखे व्हायचे. सर पाच मिनिटं थांबायचे, च्यक् करायचे आणि निघून जायचे.

म्हणून त्यांनी मला काम दिलं. दोनशे पानी वही आणून दिली. म्हणाले, "तुला लिहिता येतं ना? बघ आणि लिही. महिन्याला दहा रुपये, भांड्यांचे वेगळे."

दहा रुपये! मी घरी येऊन ह्यांना सांगितलं तर हे हसले. "बेडूक बघायचे पैसे? कोण देतं गं?" शेजारच्या आक्का ओट्यावर लसूण सोलत होत्या, त्यांनी ऐकलं. "काय वं माय, बेडकेसनी जीभ मोजस का तू? आपली गल्लीमातली मोज ना, बठ्ठासनी लांब शे!" म्हणजे गल्लीत सगळ्यांचीच जीभ लांब.

पहिले दोन महिने दहा-दहा रुपये मिळाले. मी ते ह्यांच्या हातावर ठेवले. हे गप्प झाले. आक्कासुद्धा गप्प झाल्या, ते तर फारच मोठं काम.

मला ते बघणं आवडायला लागलं होतं, हे कबूल करते. प्रत्येक बेडकाच्या मागच्या पायाला रंगीत दोरा होता. लाल दोऱ्याचा अधाशी, पिवळा सावध, निळा आधी मान तिरकी करणार आणि मगच पुढं येणार. मी सगळं लिहायचे. सरांनी शनिवारी वही तपासायची. ते लाल शाई घेऊन बसायचे आणि "जिभ" चं "जीभ" करायचे, "ऊजवी" चं "उजवी". पान लाल करून परत द्यायचे. पानावर काय लिहिलंय ते त्यांनी कधी वाचलं असेल असं मला वाटत नाही.

श्रावणात सरांनी कापाकापी सुरू केली. बेडकाला औषधाच्या वासानं बेशुद्ध करायचे, घशाखाली बारीक चीर द्यायचे, केसासारखी पांढरी नस भिंगातून बघत चिमट्यानं उचलून कात्रीनं तोडायचे. त्यांना जवळचं दिसायचं नाही म्हणून टाक्याची सुई मी ओवून द्यायचे. सरांचा हात सफाईचा होता, खोटं कशाला बोलू. चार दिवसांत बेडूक पुन्हा हिंडायला लागायचे.

आधी एका बाजूची नस तोडली. किडा दिसला की त्या बेडकांची जीभ तिरकी पडायची, किडा हुकायचा. मी तसं लिहिलं. सर खूश. दोन्ही हात चोळत खोलीभर फिरले. "बघ चौथी, बघ! म्हटलं होतं की नाही!"

मग दोन्ही बाजूंच्या नसा तोडल्या. सरांनी मला आधीच सांगून ठेवलं, "आता तोंड उघडेल, पण जीभ येणार नाही. तसं लिही."

मी बसले. लाल दोऱ्याच्यापुढं नाकतोडा हलवला. लाल वळला, पुढं आला, मान ताणली, झेप घातली, आणि त्याचं मिटलेलं तोंड नाकतोड्यावर आपटलं. तोंड उघडलंच नाही. पुन्हा झेप. पुन्हा तेच. मला वाटलं जबडा आखडला असेल. काडी घेऊन ओठाशी लावली तर त्यानं चांगलं आ करून तोंड उघडलं. काडी काढली, किडा दाखवला. झेप घातली, तोंड मिटलेलं. पिवळ्याचं तसंच. निळ्यानं आधी मान तिरकी केली आणि मग तसंच.

मी लिहिलं: तोंड ऊघडले नाही. काडी लावली तर ऊघडते. कीडा दीसला की ऊघडत नाही.

शनिवारी सरांनी "ऊघडले" चं "उघडले" केलं, "कीडा" चं "किडा" केलं, आणि मग पहिल्यांदाच वाक्य वाचलं असावं, कारण वही माझ्यासमोर धरून ओरडले, "हे काय? तोंड उघडणारी नस वेगळी आहे. ती वर, जबड्यापाशी. तिला मी हातही लावला नाही. जी तोडली नाही ती बंद कशी पडेल? डोकं आहे का?"

मी मान खाली घातली.

"बोल ना. तुझी नस कुणी तोडली?"

हे त्यांनी गंमत म्हणून म्हटलं आणि स्वतःच हसले. मला ते वाक्य अजून भाकरी थापताना आठवतं आणि भाकरी जोरात आपटली जाते.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा तेच लिहिलं, कारण पुन्हा तेच दिसलं. सर स्वतः बघायला आले, बॅटरी, घड्याळ, दाणदाण पावलं. बेडूक दगड झाले. सर म्हणाले, "हे आजारी आहेत. तू पाणी बदलत नाहीस. म्हणून झेप घेत नाहीत आणि तू काहीतरी मनचं लिहितेस." त्या महिन्याचे दहा रुपये त्यांनी दिले नाहीत. म्हणाले, खराब झालेल्या बेडकांचे कापले. भाद्रपदात तेच, अश्विनात तेच. दर महिन्याला मला वाटायचं, आता मिळतील, आणि ह्यांना तसं सांगायचे. कार्तिकातही कापले. चाळीस रुपये झाले.

ह्यांचा समज झाला की पैसे मला मिळतात आणि मी धरणगावला माहेरी पाठवते. दिवाळीत पोरीला फ्रॉक आला नाही. फराळाच्या ताटावरून उठताना हे मला म्हणाले, "आधी देत होता आणि आता देत नाही, असं कसं? माझ्याशी खोटं बोलू नकोस." मी दोन घरांत खोटी ठरले होते, पुढच्या आणि मागच्या. मधे बोळ होता पाच पावलांचा.

तरी सगळ्यात मोठी चीड आली ती वेगळ्याच गोष्टीची. सर दुसऱ्या एका जाड वहीत सुंदर अक्षरात सगळं पुन्हा उतरवत होते. मी केर काढताना ती टेबलावर उघडी पडलेली होती. वर तारीख माझी, दोऱ्याचा रंग माझा, नाकतोडा माझा, आणि खाली लिहिलेलं: तोंड उघडले, जीभ बाहेर आली नाही. तेहतीस वेळा. मी जिथं जिथं "उघडले नाही" लिहिलं होतं तिथं तिथं त्यांनी उघडलं होतं. हातातला झाडू मी तिथंच टाकला. पण सर आत आले तशी तो उचलला आणि केर पुरा केला.

कार्तिक संपता संपता धुळ्याला त्या विषयाच्या प्राध्यापकांची छोटी बैठक होती. सर तिथं आपलं काम वाचणार होते. धुळ्याच्या एका म्हाताऱ्या सरांनी, त्यांना सगळे नाना म्हणत, आधीच कळवलं होतं की जिवंत बेडूक आणा, आम्हाला बघू द्या. आता सरांची पंचाईत. बेडूक खायचे ते माझ्या हातून. म्हणून त्यांना मला न्यावं लागलं. ह्यांनी एका अटीवर जाऊ दिलं, की येताना पैसे घेऊनच ये.

एसटीत मी पायाशी बादली घेऊन बसले, वर ओलं फडकं बांधलेलं. वही मी पदराखाली घेतली होती. का घेतली ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. एरंडोलला गाडी खड्ड्यात गेली आणि बादलीतून आवाज आला.

कंडक्टर वाकला. "बाई, काय शे बादलीमा?"

मी खिडकीबाहेर बघितलं. सर म्हणाले, "शास्त्रीय साहित्य आहे."

"साहित्य वरडस ना मग! अर्धं तिकीट लागी."

गाडीभर हसले. सर नाही हसले. त्यांनी त्याच्याशी पारोळ्यापर्यंत वाद घातला आणि तिकीट काढलं नाही.

धुळ्याच्या त्या खोलीत सात-आठ माणसं होती. सरांनी उभं राहून वाचलं, छान वाचलं. आवाज कमावलेला होता त्यांचा. तोंड उघडते, जीभ बाहेर येत नाही, म्हणून ही नस फक्त जिभेला हुकूम पोचवते. मग नाना म्हणाले, "दाखवा की." सर बॅटरी काढायला लागले तेव्हा नानांनी विचारलं, "रोज कोण खायला घालतं?" सरांनी माझ्याकडे नुसता हात केला. नाना म्हणाले, "मग त्यांनाच बसू द्या. आपण मागं सरकू. पंखा बंद करा."

मी फरशीवर मांडी घातली. डबीतून आणलेला नाकतोडा दोऱ्याला बांधून हलवला. लाल वळला, पुढं आला, मान ताणली, झेप. मिटलेलं तोंड नाकतोड्यावर आपटल्याचा टप् असा आवाज खोलीत सगळ्यांना ऐकू गेला. पुन्हा झेप, टप्. सहा वेळा. मग मी काडी लावून दाखवली. लालनं आ केलं. काडी काढली, किडा, झेप, टप्.

सरांचा चेहरा मी बघितला नाही, पण त्यांचे बूट दिसत होते, ते जागच्या जागी हलत होते.

नानांनी मला विचारलं, "ताई, हे नेहमी असंच होतं?"

मी मान हलवली.

"कुणी लिहून ठेवलंय का?"

सर पटकन म्हणाले, "नोंदी आहेत. माझ्याकडे आहेत."

तेव्हा माझ्या अंगाची आग झाली. पदराखालून वही काढली आणि नानांच्या हातात दिली. नानांनी चष्मा लावून एकेक पान वाचलं, वरपासून खालपर्यंत. बराच वेळ. मग सरांकडे वही फिरवून म्हणाले, "शुद्धलेखन छान तपासलंय तुम्ही."

नंतर ते बाकीच्यांशी बोलत राहिले. मला समजलं ते एवढंच, की ह्या नसेतून जिभेला हुकूम जातो हे खरं, पण जिभेकडूनही काहीतरी परत वर जात असणार, आणि ते पोचलं नाही तर तोंड उघडत नसेल. कदाचित, असं म्हणाले नाना. नक्की नाही म्हणाले. मला ते आवडलं. सरांच्या तोंडून "कदाचित" मी कधी ऐकलं नव्हतं.

परतीच्या गाडीत सर पारोळ्यापर्यंत आपली जाड वही चाळत होते. मग समोर बघत म्हणाले, "तू मला आधी सांगायला हवं होतंस."

हे लिहितानासुद्धा पेन कागदात रुततंय. आधी! चार महिने, तेहतीस वेळा, निळ्या शाईत! मी बादली दोन्ही पायांत घट्ट धरली, नाहीतर ती त्यांच्या मांडीवर ओतली असती.

त्यानंतर तीन दिवस ते कॉलेजात गेले नाहीत. चौथ्या दिवशी मी भांड्यांना गेले तर बेडकांच्या खोलीत, हौदीजवळ, अंगावर घोंगडी पांघरून मांडी घालून बसले होते. बॅटरी नाही, घड्याळ नाही. दोरा धरलेला हात तेवढा बाहेर. मला त्यांनी ओठांवर बोट ठेवून खूण केली. मी निमूट भांडी घासली. त्यांना बघून कीव यावी असं ते दृश्य होतं. मला नाही आली.

त्या रविवारी सकाळी सर बोळ ओलांडून आमच्याकडे आले. आमच्या दारात पहिल्यांदाच. हे ओट्यावर दाढी करत होते, आक्का समोरच्या दारात होत्या. सरांनी पाकीट काढलं आणि ह्यांच्याकडे बघून म्हणाले, "हिचे चार महिन्यांचे राहिले होते. मी कापले होते. तिची चूक नव्हती." ह्यांचा वस्तरा गालावरच थांबला. मी पदराला हात पुसून पुढं केला. सरांनी तीन नोटा ठेवल्या, दहा-दहाच्या. मग चार सुटे रुपये ठेवले आणि पाकीट मिटलं.

"धुळ्याचं तुझं जाण्यायेण्याचं भाडं सहा रुपये. ते वजा," म्हणाले.

मी हात मागं घेतला नाही. सर थोडं हसले, ह्यांच्याकडे बघितलं. हे माझ्याकडे बघत होते. सर म्हणाले, "बरं मग, येतो." मी हात तसाच पुढं धरून उभी राहिले, चौतीस रुपये त्यावर उघडे. आक्का दारातून हलल्या नाहीत. सरांनी पाकीट पुन्हा उघडलं, पाचाची नोट काढली, माझ्या हातावर ठेवली. मी बघत राहिले. मग त्यांनी सदऱ्याचा खिसा चाचपला, पँटचा चाचपला आणि एक रुपया काढून त्यावर ठेवला.

तेव्हा मी मूठ मिटली. पूर्ण चाळीस.